मागच्या ॲक्सलचे ब्रॅकेट: वेल्ड करावेत की बोल्टने आवळावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लोटस सेव्हन या छोट्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरची एक किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडायची गाडी, बांधली जात आहे. मागे फोर्ड एस्कॉर्टच्या दुसऱ्या पिढीचा अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारे एकसंध आवरण, आहे. मूळचे कमानपाटे काढून टाकले आहेत आणि त्यांच्या जागी चार ट्रेलिंग आर्म (ॲक्सलला पुढे-मागे धरणारे दांडे), एक पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) आणि कॉइल स्प्रिंग चढवलेले दोन शॉक ॲब्सॉर्बर येणार आहेत. किटसोबतचे ब्रॅकेट ॲक्सलच्या नळीवर वेल्ड करण्यासाठी आहेत. मात्र गाडी बांधणाऱ्याला दोन धास्ती वाटतात : उष्णतेने ॲक्सल वाकेल आणि वेल्ड कधीतरी तडकेल. म्हणून यू-बोल्ट आणि खोगिरासारखी बैठक वापरून ब्रॅकेट आवळून बसवले तर चालेल का, आणि आवळल्यावर ‘खात्रीसाठी’ वर चार टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. गोल नळीवर बसणारे, ट्रेलिंग आर्मचा भार घेणारे ब्रॅकेट वेल्डच करावेत. डिफरन्शियलच्या, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या, ओतीव भागाला मात्र काहीही वेल्ड करू नये. तिथे काही जोडायचे असेल तर ते बोल्टनेच जोडावे. बोल्ट आवळून वर टाके मारण्याचा तिसरा मार्ग दोन्हींपेक्षा वाईट आहे आणि तो कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू नये.

वेल्ड मजबूत की बोल्ट, अशी तुलना केली जाते तेव्हा बहुधा भार कोणत्या दिशेने आणि कशा रूपात येतो हे पाहायचेच राहून जाते. अखंड ॲक्सलच्या ब्रॅकेटवर केवळ पुढे-मागे ओढ येत नाही; त्याच्यावर पीळ येतो. चाक रस्त्याला मागे ढकलते तेव्हा ॲक्सलचे आवरण उलट दिशेने फिरू पाहते, ब्रेक लावला की ते चाकाबरोबर पुढे फिरू पाहते, आणि या दोन्ही वेळी त्याला फिरण्यापासून रोखणारे फक्त ते ब्रॅकेट आणि त्यांना जोडलेले आर्म असतात.

साधा हिशेब मांडू. चालकासह गाडी ७०० किलो धरली आणि त्यातला निम्मा भार मागे धरला, तर मागच्या दोन चाकांवर मिळून ३५० किलो येतात. चांगल्या टायरची पकड भाराएवढी धरली तर रस्त्याशी होणारी एकूण ओढ सुमारे ३,५०० न्यूटन होते. चाकाची त्रिज्या ३०० मिमी, वरचे आर्म ॲक्सलच्या मध्यापासून १०० मिमी वर आणि खालचे आर्म १०० मिमी खाली, अशी रचना असेल तर समतोलाचे समीकरण असे सांगते की खालच्या दोन आर्ममध्ये मिळून ओढीच्या दुप्पट, म्हणजे ७,००० न्यूटन येतात आणि वरच्या दोन आर्ममध्ये मिळून ३,५०० न्यूटन विरुद्ध दिशेने येतात. खालच्या आर्मवर ओढीपेक्षा जास्त भार येतो हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वरचा आर्म उलट बाजूने ओढत असल्यामुळे खालच्याला त्याचीही भरपाई करावी लागते. वरच्या आणि खालच्या आर्ममधले अंतर जितके कमी, तितके हे आकडे वाढत जातात.

आता पीळ पाहा. आवरणावरचा एकूण पीळ म्हणजे ३,५०० न्यूटन गुणिले ०.३ मीटर, अर्थात १,०५० न्यूटन-मीटर, आणि एका बाजूला त्याचा निम्मा, ५२५ न्यूटन-मीटर. हा झाला शांतपणे वेग घेतानाचा आकडा. क्लच झटक्यात सोडला, चाक खड्ड्यात आपटले किंवा टायर पकड सोडून पुन्हा धरू लागला, तर भार काही क्षण कितीतरी वाढतो. अशा भागांसाठी मी किमान तिप्पट धरतो, म्हणजे एका बाजूला जवळपास १,६०० न्यूटन-मीटर. नळीचा बाहेरचा व्यास ७० मिमी असेल तर हा पीळ नळीच्या पृष्ठभागावर सुमारे ४५ किलोन्यूटनचे स्पर्शरेषेतले बल होऊन उभा राहतो. ब्रॅकेट नळीवर फिरू नये म्हणून सांध्याला एवढे बल धरून ठेवावे लागते.

यू-बोल्टचा सांधा हे बल केवळ घर्षणाने धरतो. एम १० मापाच्या (१० मिमी जाड), ८.८ या ताकदीच्या दर्जाच्या बोल्टमध्ये योग्य कसल्यावर साधारण २५ किलोन्यूटन ओढ साठते. एका बाजूला दोन यू-बोल्ट म्हणजे चार पाय, म्हणून १०० किलोन्यूटन. बैठकीच्या बाजूचा दाब आणि यू-बोल्टच्या वळणाखालचा दाब असे दोन्ही मोजले आणि घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला, तर मोठ्या मनाने हिशेब करूनही ३० ते ४० किलोन्यूटनच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे बोल्ट नवे आहेत, पृष्ठभाग कोरडे आहेत, मध्ये रंग नाही, अशा उत्तम स्थितीतही सांधा आवश्यक बलाला पुरत नाही. खाली तेलाचा पातळ थर असेल, किंवा नळीवरचा रंग दाबाखाली हळूहळू बसून बोल्टची ओढ कमी झाली असेल, तर मग बोलायलाच नको. आणि ब्रॅकेट दोन अंश फिरला तरी पिनियनचा (डिफरन्शियलला शक्ती देणाऱ्या गिअरचा) कोन बदलतो, प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनाची शक्ती मागे आणणाऱ्या दांड्याचे) सांधे कुरकुरू लागतात, आणि एकदा घसरलेल्या जागी पृष्ठभाग गुळगुळीत झाल्यामुळे पुढची घसरण आणखी सोपी होते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की कारखान्यातून येणाऱ्या कमानपाट्यांच्या गाड्यांचे ॲक्सल यू-बोल्टनेच बांधलेले असतात आणि लाखो किलोमीटर चालतात. निरीक्षण बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्या ॲक्सलवर यू-बोल्टखाली एक बैठक असते आणि एस्कॉर्टसारख्या नळीच्या ॲक्सलवर ती बैठक वेल्ड केलेली असते. पाटा त्या सपाट बैठकीवर टेकतो, पाट्यांच्या मधल्या बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात बसते, आणि यू-बोल्ट फक्त दोघांना एकमेकांवर दाबून ठेवतात. आवरणातला पीळ नळीतून बैठकीत वेल्डमार्गेच जातो. जड वाहनांत जिथे वेल्ड न केलेली बैठक दिसते तिथे आवरणाचा छेद बहुधा चौकोनी असतो. चौकोनी आवरणावर बैठक फिरूच शकत नाही. गोल, गुळगुळीत नळीवर निव्वळ घर्षणाच्या भरवशावर पीळ सोपवलेला नसतो.

बोल्टच वापरायचे तर नळीला आरपार भोक पाडून बसवावेत, अशी एक सूचनाही या प्रश्नात अधूनमधून डोकावते. ती तातडीने बाजूला ठेवावी. नळीवर वाकवणारा ताण सतत असतो, आणि भोकाच्या काठाशी तो ताण सुमारे तिप्पट होतो. शिवाय आतून चाक फिरवणारा दांडा, हाफ शाफ्ट, फिरत असतो आणि डिफरन्शियलचे तेल नळीत येत-जात असते. असे भोक म्हणजे तडा सुरू होण्यासाठी आणि तेल गळण्यासाठी मुद्दाम करून दिलेली जागा होय.

आता त्या ‘खात्रीच्या’ टाक्यांविषयी. बोल्ट आणि वेल्ड एकाच सांध्यात एकत्र आले की दोघांची ताकद मिळून बेरीज होते, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात भार नेहमी अधिक ताठ मार्गाने जातो. वेल्ड जवळजवळ मुळीच हलत नाही. घर्षणाचा सांधा मात्र पुरा भार घेण्याआधी किंचित सरकतो. त्यामुळे छोट्या टाक्यांवर सगळा भार येतो आणि बोल्ट नुसते पाहत राहतात. टाका लहान असतो, थंड नळीवर क्षणभर मारलेला असल्यामुळे त्याची मुळे खोल गेलेली नसतात, त्याच्या दोन्ही टोकांना तीक्ष्ण खाचा असतात, आणि भोवतालचे पोलाद झटकन थंड झाल्याने ते ठिसूळ होण्याची शक्यता अधिक असते. टाका तुटला तर ब्रॅकेट फिरेल हे एक वेळ परवडले, कारण ते दिसते. पण टाक्यात सुरू झालेला तडा पुष्कळदा ब्रॅकेट सोडून नळीत शिरतो, आणि तो यू-बोल्टच्या बैठकीखाली झाकलेला राहतो. संरचनांच्या अभियांत्रिकीत एकाच सांध्यात साधे बोल्ट आणि वेल्ड यांनी भार वाटून घेतला असे धरू नये असा रूढ नियम आहे, तो याच कारणामुळे. घर्षणाच्या सांध्याला फिरण्यापासून अडवायचेच असेल तर नळीवर नीट, पूर्ण लांबीचा वेल्ड केलेला अडथळा ठेवून बैठक त्याच्यावर टेकवावी; पण तेवढे वेल्डिंग करायची तयारी असेल तर ब्रॅकेटच का वेल्ड करू नये, हा प्रश्न उरतोच.

वेल्डचा हिशेब त्याच आकड्यांवर करून पाहू. एका बाजूच्या ब्रॅकेटच्या दोन पट्ट्या नळीच्या निम्म्या परिघाला धरून आहेत आणि प्रत्येक पट्टी फक्त बाहेरून ४ मिमीच्या फायलेटने (कोपऱ्यात भरलेल्या तिकोनी वेल्डने) वेल्ड केली आहे असे धरा. निम्मा परिघ ११० मिमी, दोन पट्ट्यांचे मिळून २२० मिमी, वेल्डच्या कंठाची (त्याच्या सर्वांत अरुंद छेदाची) जाडी २.८ मिमी, म्हणजे सुमारे ६१६ चौरस मिमी क्षेत्र. ४५ किलोन्यूटन भागिले हे क्षेत्र केले की ७३ न्यूटन प्रति चौरस मिमी ताण येतो. साध्या पोलादाचा धड वेल्ड स्थिर भाराखाली तो सहज पेलतो, आणि हा तिप्पट धक्क्याचा आकडा आहे. रोजच्या वापरात तो २५ च्या आत राहतो. तेव्हा ताकदीचा प्रश्न तिथेच मिटतो. वेल्डची खरी परीक्षा थकव्यात, म्हणजे भार पुन्हापुन्हा चढत-उतरत राहिल्याने तडा जाण्यात, असते.

थकव्याच्या बाबतीत दोन गोष्टी माहीत असल्या की बाकीचे निर्णय आपोआप सुचतात. पहिली अशी की वेल्डचे आयुष्य ताणाच्या चढउताराच्या साधारण घनाच्या व्यस्त प्रमाणात असते : ताण निम्मा केला तर आयुष्य आठ पटींच्या आसपास वाढते. दुसरी अशी की वेल्डच्या कडेला थकवा सोसण्याची क्षमता पोलादाच्या दर्जावर जवळजवळ अवलंबून नसते. म्हणून महागड्या उच्च ताकदीच्या पोलादाचे ब्रॅकेट बनवून काही साधत नाही; उलट त्याचे वेल्डिंग अवघड होऊन बसते. साधे कमी कार्बनचे ३ ते ५ मिमीचे पोलाद, नीट पसरलेली वेल्डची लांबी आणि ताण कमी असलेल्या जागी संपणारी रेघ, यांतच टिकाऊपणा आहे.

ताण कमी असलेली जागा कोणती? गाडीचे वजन स्प्रिंगांतून खाली येते आणि चाके टोकांना वर रेटतात, त्यामुळे नळी मध्ये खाली झुकू पाहते आणि तिच्या तळाशी ओढीचा ताण सर्वाधिक असतो. नळीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला, मध्यरेषेवर, हा ताण सर्वांत कमी असतो. म्हणून नळीच्या अगदी तळाशी आडवी वेल्डची रेघ घेऊ नये आणि कोणतीही रेघ तिथे संपवू नये. पूर्ण परिघाभोवती वेल्ड फिरवणे हे दिसायला भक्कम वाटते, पण तेच टाळायचे असते. ब्रॅकेटच्या कोपऱ्यावर रेघ सुरू किंवा बंद न करता कोपरा वळून थोडे पुढे जाऊन थांबावे. वेल्डच्या कडेला धातू खचून खाच पडली असेल, तर ती भरून घेऊन कडेचा उतार हलक्या हाताने गुळगुळीत करावा. मात्र सुंदर दिसावे म्हणून पूर्ण फायलेट घासून सपाट करू नये.

वेल्डरबाबतही स्पष्ट बोलणे भाग आहे. लहान मिग यंत्राने (तार आपोआप पुरवणाऱ्या वेल्डिंग यंत्राने) ५ मिमी जाडीच्या नळीवर काढलेली रेघ बाहेरून रेखीव दिसू शकते आणि तरीही धातू आत मुळीच मिसळलेला नसतो. ती नुसती पृष्ठभागावर चिकटलेली असते. डोळ्यांनी हे ओळखता येत नाही. त्यामुळे त्याच जाडीचे दोन तुकडे घेऊन, त्याच यंत्राने, त्याच मांडणीत, त्याच स्थितीत सांधा करावा, शिकंज्यात धरून हातोड्याने उलट बाजूला वाकवावा, आणि मुळाशी वेल्ड धातूपासून स्वच्छ सुटून येतो की धातू फाडून घेतो ते पाहावे. सुटून येत असेल तर त्या यंत्राने किंवा त्या हाताने ॲक्सलला स्पर्श करू नये. स्वतःच्या वेल्डिंगवर भरवसा नसेल तर ब्रॅकेट टाके मारून जागेवर पक्के करावेत आणि पुढचे काम अनुभवी वेल्डरकडून करून घ्यावे. हे टाके पुढे पूर्ण वेल्डमध्ये वितळून जाणार असल्यामुळे वर सांगितलेला धोका त्यांना लागू होत नाही, फक्त तडकलेला टाका असेल तर तो आधी घासून काढावा.

ज्याला वेल्ड करायचे तो धातू कोणता आहे हे आधी ओळखावे. काही ॲक्सलमध्ये संपूर्ण आवरण दाबून घडवलेल्या पोलादाचे असते; एस्कॉर्टचा ॲक्सल या जातीचा आहे आणि त्याच्या नळ्यांना वेल्ड करणे सोपे आहे. सॅल्सबरी पद्धतीच्या ॲक्सलमध्ये मधला भाग बिडाचा असतो आणि पोलादी नळ्या त्यात दाबून बसवलेल्या असतात. बिडात कार्बन भरपूर असतो. वेल्डशेजारचा पट्टा थंड होताना काचेसारखा ठिसूळ होतो आणि बऱ्याचदा थंड होता होताच तडकतो. निकेलच्या कांड्या आणि आधी तापवणे या उपायांनी बिडाची दुरुस्ती करता येते, पण निलंबनाचा भार घेणाऱ्या सांध्यासाठी मी ती पुरेशी मानत नाही. शंका असल्यास एका कोपऱ्यावर लहान ड्रिल लावून पाहावे : पोलादाचा कीस वळत-वळत निघतो, बिडाचा भुगा पडतो. ग्राइंडरखाली पोलादाच्या ठिणग्या लांब आणि उजळ पिवळ्या असतात, बिडाच्या आखूड आणि लालसर.

मधल्या भागावर भार घेण्याचे दुसरेही तोटे आहेत. १९६० मध्ये आलेल्या लोटस सेव्हनच्या दुसऱ्या आवृत्तीत ॲक्सल धरून ठेवणारी ए आकाराची चौकट डिफरन्शियलच्या खाली जोडलेली होती. त्या भाराने आवरणावर ताण येऊन तेल गळण्याचा त्रास त्या गाड्यांत प्रसिद्ध आहे. म्हणून चार आर्म नळीवर, शक्य तितके चाकांकडे, ही रचना माझ्या मते अधिक निर्धास्त आहे.

आता उष्णतेने ॲक्सल वाकण्याची धास्ती. ती खरी आहे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळी वेल्डच्या बाजूला वाकते. ट्रेलिंग आर्मचे सगळे ब्रॅकेट पुढच्या बाजूला असतील तर नळीची टोके पुढे ओढली जातात आणि मागची चाके समोरून एकमेकांकडे झुकतात. थोडा फरक टायर सोसतात; जास्त झाला तर हाफ शाफ्टच्या बेअरिंगवर आणि तेलाच्या सीलवर त्याचा परिणाम दिसतो. पण हे काबूत ठेवता येते.

कामाआधी ॲक्सल गाडीतून बाहेर काढून पूर्ण मोकळा करावा : तेल, हाफ शाफ्ट, बेअरिंग, सील, ब्रेकचे भाग, शक्य असेल तर डिफरन्शियलसुद्धा. आत साचलेले तेल पुसून काढावे आणि ब्रीदरचे (आवरणातली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्राचे) तोंड उघडे ठेवावे, कारण तापलेल्या तेलाची वाफ बंद नळीत कोंडली तर ती पेट घेऊन फुटू शकते. साफसफाईसाठी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मुळीच वापरू नये. त्याचा अंश राहिलेल्या जागी आर्कची उष्णता आणि किरणे पोहोचली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, आणि तो अल्प प्रमाणातही फुप्फुसांना घातक असतो. पाण्यात मिसळणारे डिग्रीझर वापरून धुवावे आणि नळी पूर्ण वाळू द्यावी. जस्ताचा मुलामा असलेले ब्रॅकेट असतील तर वेल्डच्या पट्ट्यातला मुलामा घासून काढावा. अर्थची पकड वेल्डच्या जवळ, स्वच्छ नळीवर लावावी. काही कारणाने बेअरिंग जागेवरच राहिले असेल आणि अर्थ दुसऱ्या टोकाला असेल, तर विद्युतप्रवाह बेअरिंगच्या गोळ्यांतून जाऊन तिथे खड्डे पाडतो.

ब्रॅकेटची जागा ठरवणे हे वेल्डिंगहून अधिक वेळखाऊ काम आहे, आणि असावेही. ॲक्सल गाडीखाली ठेवावा, गाडी रस्त्यावर उभी राहील त्या उंचीवर आणावी, प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही सांध्यांचे कोन सारखे होतील असा पिनियनचा कल ठरवावा आणि मगच आर्म लावून टाके मारावेत. उजव्या-डाव्या ब्रॅकेटच्या भोकांतून एकच सरळ सळई सुरळीत जाते का ते पाहावे. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर गाडी झुकताना आर्म एकमेकांशी भांडतात आणि तो वादाचा भार ब्रॅकेटवरच येतो. त्यानंतर ॲक्सल बाहेर काढून जाड गर्डरला किंवा भक्कम चौकटीला आवळून बांधावा. वेल्डच्या रेघा २५ ते ३० मिमीच्या ठेवाव्यात. एक डावीकडे, पुढची उजवीकडे, कधी आतल्या पट्टीवर, कधी बाहेरच्या, असे फिरत राहावे आणि नळीला हात लावता येईल इतकी ती मध्येमध्ये थंड होऊ द्यावी. घाई झाली म्हणून पाणी ओतू नये. बांधलेल्या स्थितीतच पूर्ण थंड झाल्यावर सोडावे आणि मोजावे. दोन्ही टोकांच्या फ्लँजवर (सपाट कड्यांवर) लांब सरळ पट्ट्या बांधून पुढचे आणि मागचे अंतर मोजले की वाक लगेच कळतो. चाकाच्या व्यासाएवढ्या लांबीवर फरक मिलिमीटरच्या आसपास असेल तर मी तो सोडून देतो. जास्त असेल तर नळीच्या विरुद्ध बाजूला, कमी ताणाच्या जागी, छोटा पट्टा तापवून आकसू दिला की ती परत येते. हे मात्र ज्याने आधी केले आहे त्याच्याच हातून व्हावे.

पॅनहार्ड रॉडच्या ब्रॅकेटकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ट्रेलिंग आर्मचा भार चार ठिकाणी वाटला जातो, पण वळणावरचा मागचा सगळा आडवा भार या एकट्या ब्रॅकेटवर येतो, आणि तो ब्रॅकेट बहुधा नळीपासून लांब, उंच असतो. वरच्या गाडीत जोरात वळताना ३,५०० न्यूटन धरले आणि ब्रॅकेट १५० मिमी लांब असला, तर त्याच्या मुळाशी ५०० न्यूटन-मीटरहून अधिक वाकवणारा पीळ येतो, तोही प्रत्येक वळणाला दिशा बदलत. एकेरी पट्टीचा ब्रॅकेट इथे चालत नाही. दोन्ही कडा बंद करून तो पेटीसारखा करावा आणि नळीवर पसरून जाणारी आधारपट्टी द्यावी. चार-पाच वर्षे चाललेल्या गाड्या तपासताना मी पहिली नजर इथेच टाकतो.

चॅसीच्या बाजूला चित्र थोडे वेगळे आहे. अशा गाड्यांच्या चौकटी अनेकदा २५ मिमी चौकोनी, १.६ मिमी जाडीच्या नळ्यांच्या असतात. इतक्या पातळ नळीला आरपार बोल्ट आवळला तर नळी चेपते आणि बोल्टमध्ये ओढ साठतच नाही; म्हणून आत बाही वेल्ड करून त्यातून बोल्ट न्यावा. ब्रॅकेट नळीच्या मध्यावर नको. जिथे दोन-तीन नळ्या एकत्र येतात तिथे असावा.

बोल्टला त्याचे मानाचे स्थान आहेच. आर्म ब्रॅकेटला जोडणारा बोल्ट दोन्ही बाजूंनी आधार असलेला, ८.८ दर्जाचा आणि कातर बल येणाऱ्या जागी आटे न येता सपाट दांडा येईल इतक्या लांबीचा असावा. कोरड्या आट्यांवर एम १० साठी ४५ ते ५० आणि एम १२ साठी सुमारे ८० ते ८५ न्यूटन-मीटर हे प्रचलित आकडे आहेत, पण किट बनवणाऱ्याने वेगळे दिले असतील तर तेच पाळावेत. आवळल्या जाणाऱ्या पृष्ठभागांवर पावडर कोटिंगचा जाड थर ठेवू नये. नायलॉनच्या कड्याचे नट एकदा काढले की बदलावेत. आर्मच्या टोकांत रबरी बुश (बोल्टभोवतीची रबरी नळी) असतील तर हे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे कसावेत. लोंबत्या ॲक्सलवर कसले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आणि कोणत्याही दर्जाच्या बोल्टला किंवा नटला जागेवर वेल्ड करू नये, कारण त्याची ताकद ज्या उष्णोपचारातून आलेली असते तोच वेल्डच्या उष्णतेने निघून जातो. भूमिती जमवण्यासाठी फेरबदल हवे असतील, तर नळीवर सपाट बैठक वेल्ड करून ब्रॅकेट त्या बैठकीला चार बोल्टने जोडावा. पीळ वेल्डमधून जातो, बदलता येणारा भाग बोल्टवर राहतो, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे काम करत नाही.

शेवटी तपासणी. ब्रॅकेटना आणि वेल्डना जाड पावडर कोटिंगऐवजी फिकट रंगाचा पातळ थर द्यावा. पावडर कोटिंग लवचीक असल्यामुळे खालचा तडा बराच काळ झाकून ठेवते, फिकट रंगावर मात्र गंजाची बारीक तपकिरी रेघ उठून दिसते. बोल्टच्या सांध्याभोवती लालसर भुकटी किंवा चकाकी दिसली तर तो सांधा सूक्ष्म प्रमाणात हलत आहे असे समजावे. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासावेत, आणि दरवर्षी वेल्डच्या कडा पुसून, शंका असेल तिथे रंगद्रव्य झिरपवून पाहाव्यात. तडा सापडला तर त्यावर नवी रेघ ओढून तो झाकू नये. तो दोन्ही टोकांपर्यंत घासून पूर्ण काढावा, नळीत शिरला आहे का ते पुन्हा रंगद्रव्याने तपासावे, आणि शिरला असेल तर तो ॲक्सल बाद करून दुसरा शोधावा. शिरला नसेल तर आधी ब्रॅकेटचा आकार किंवा जागा का चुकली ते पाहून दुरुस्त करावे आणि नंतरच वेल्ड करावे. तसे न करता भरलेला तडा त्याच जागी पुन्हा उघडतो.